हेगच्या न्यायालयात पीडितांची जागा : अर्जापासून भरपाईपर्यंत

उत्तर युगांडातल्या लुकोडी या विस्थापितांच्या छावणीवर 19 मे 2004 च्या संध्याकाळी लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर संघटनेने हल्ला केला. माणसं मारली, झोपड्या पेटवल्या, लुटलेला माल वाहून न्यायला छावणीतल्याच लोकांना धरून नेलं. या आणि अशाच आणखी हल्ल्यांबद्दल संघटनेचा कमांडर डॉमिनिक ऑंग्वेन याला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने 4 फेब्रुवारी 2021 रोजी दोषी ठरवलं. पीडितांना भरपाई देण्याचा आदेश निघाला 28 फेब्रुवारी 2024 रोजी, म्हणजे हल्ल्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी.

या खटल्यात चार हजारांहून अधिक पीडित सहभागी होते. यातल्या बहुतेकांनी कधी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पाऊल ठेवलं नाही. तरी त्यांच्या वतीने स्वतंत्र वकील उभे होते, त्यांनी साक्षीदारांना प्रश्न विचारले, स्वतःचे साक्षीदार आणले आणि शिक्षा किती असावी यावरही बाजू मांडली. हे कसं घडतं, अर्ज कुठे अडतो, कुठे फेटाळला जातो आणि शेवटी हातात काय पडतं, ते इथे पायरीपायरीने मांडतो आहे. कायद्याचे विद्यार्थी, मदतसंस्थांतर्फे संघर्षग्रस्त भागांत जाणारे कार्यकर्ते, दुभाषे, पत्रकार यांच्यापैकी कुणावरही एखाद्या पीडिताशेजारी बसून फॉर्म भरण्याची वेळ येऊ शकते. कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावण्या आपल्यापासून फार लांब नाहीत आणि त्यांचं प्रकरण याच न्यायालयापुढे आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या न्यायालयात पीडित म्हणून मान्यता मिळते ती अत्याचार किती भयंकर होता यावरून नव्हे. ती घटना आरोपपत्रात आहे की नाही, यावरून मिळते. हे सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून बरेच जण ते पहिल्या भेटीत टाळतात. मग माणसं वर्षानुवर्षं वाट पाहत राहतात. मदत करणाऱ्याने पहिलं काम करायचं ते हे की ही मर्यादा स्वच्छ शब्दांत सांगायची.

पूर्वी काय होतं

न्यूरेंबर्गमध्ये खटला उभा राहिला तो मुख्यतः नाझींच्या स्वतःच्याच कागदपत्रांवर. पीडित आले ते थोडेफार साक्षीदार म्हणून. 1993 मध्ये युगोस्लाव्हियासाठी आणि 1994 मध्ये रवांडासाठी संयुक्त राष्ट्रांनी जी न्यायाधिकरणं नेमली, तिथेही पीडिताला साक्षीपुरतंच स्थान होतं. ज्या स्त्रीचं सगळं कुटुंब कापलं गेलं तिने यायचं, विचारलं तेवढं सांगायचं आणि परत जायचं. तिला वकील नव्हता, खटल्याचं पुढे काय झालं हे कळवण्याची तिच्याप्रति बांधिलकी नव्हती, भरपाईसाठी तिने आपल्या देशातल्या कोर्टात जावं अशी व्यवस्था होती.

17 जुलै 1998 रोजी मंजूर झालेल्या आणि 1 जुलै 2002 पासून लागू झालेल्या रोम कराराने, म्हणजे ज्याने हे न्यायालय स्थापन झालं त्या कराराने, हे बदललं. त्याच्या कलम 68 च्या तिसऱ्या उपकलमाचा आशय असा : पीडितांच्या हितसंबंधांना धक्का लागत असेल तिथे त्यांची मतं आणि चिंता न्यायालयाने ऐकाव्यात, मात्र आरोपीच्या हक्कांना आणि निःपक्षपाती खटल्याला बाधा येता कामा नये. कलम 75 भरपाईचं आणि कलम 79 पीडित निधीचं. ही तीन कलमं पाठ असली तरी निम्मं काम होतं.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला सोपं जावं. आपल्या फौजदारी खटल्यातही पीडिताचा वकील सरकारी वकिलाला मदत करू शकतो, 2009 पासून पीडिताला अपिलाचा हक्क आहे आणि 2022 मध्ये लखीमपूर खेरी प्रकरणात जामीन रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने पीडिताला प्रत्येक टप्प्यावर ऐकून घेण्याचा हक्क ठामपणे मान्य केला. फरक एवढाच की हेगमध्ये पीडितांचा वकील अभियोक्त्याच्या (आपल्याकडच्या सरकारी वकिलासारखा, तपास करून खटला चालवणारा) हाताखाली नसतो. तो अभियोक्त्याच्या विरोधातही बोलू शकतो, आणि बोललेला आहे.

पहिली पायरी : प्रकरण त्या न्यायालयात बसतं का

गुन्हा 1 जुलै 2002 नंतरचा हवा. तो नरसंहार, मानवतेविरुद्धचा गुन्हा किंवा युद्धगुन्हा यांत मोडायला हवा (आक्रमणाच्या गुन्ह्याचे नियम वेगळे आहेत). आणि तो सदस्य देशाच्या भूमीवर किंवा सदस्य देशाच्या नागरिकाने केलेला हवा, नाहीतर सुरक्षा परिषदेने प्रकरण सोपवलेलं हवं. भारत सदस्य नाही. 1998 च्या मतदानात भारत तटस्थ राहिला होता.

म्यानमारही सदस्य नाही, मग रोहिंग्यांचं प्रकरण तिथे कसं? बांगलादेश 2010 पासून सदस्य आहे. माणसांना हुसकावून सीमेपलीकडे लोटणं हा गुन्हा सीमा ओलांडल्यावरच पुरा होतो, म्हणजे त्याचा एक भाग बांगलादेशाच्या भूमीवर घडला, असं न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी मान्य केलं. हा प्रश्न न्यायाधीशांपुढे असतानाच चारशे रोहिंग्या स्त्रिया आणि मुलींच्या वतीने एक निवेदन हेगला गेलं होतं. त्यातल्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून निवेदनाला जोडलेल्या पानांवर सह्यांच्या जागी अंगठे होते. खटला नव्हता, आरोपी नव्हता, तपाससुद्धा सुरू नव्हता. तरी ते निवेदन नोंदलं गेलं. पुढे 14 नोव्हेंबर 2019 रोजी तपासाला परवानगी देताना न्यायाधीशांनी पीडितांनी पाठवलेल्या म्हणण्याची दखल घेतली. तपास व्हावा हीच त्या सगळ्यांची मागणी होती. 27 नोव्हेंबर 2024 रोजी अभियोक्त्याने म्यानमारचे तेव्हाचे लष्करप्रमुख मिन आँग ह्लाइंग यांच्याविरुद्ध अटक वॉरंटची मागणी केली.

इथे दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. अभियोक्त्याच्या कार्यालयाला माहिती पाठवणं वेगळं आणि खटल्यात पीडित म्हणून सहभागाचा अर्ज करणं वेगळं. माहिती कुणीही पाठवू शकतं, ती पाठवून कुणी ‘सहभागी पीडित’ होत नाही. आणि या दोहोंच्या मध्ये एक तिसरी संधी असते. अभियोक्ता स्वतःहून तपासाची परवानगी मागतो तेव्हा पीडितांना आपलं म्हणणं थेट न्यायाधीशांकडे पाठवता येतं. तिची मुदत थोडी असते, त्यामुळे जाहीर सूचना निघाली की हालचाल करावी लागते. अफगाणिस्तानच्या बाबतीत एप्रिल 2019 मध्ये न्यायाधीशांनी तपासाला नकार दिला, पण मार्च 2020 मध्ये अपील खंडपीठाने तो निर्णय फिरवला. पीडितांनी पाठवलेली निवेदनं त्या प्रकरणाच्या नोंदीत पहिल्यापासून होती आणि अपिलाच्या सुनावणीत त्यांचे वकीलही उभे राहिले.

दुसरी पायरी : पीडित कोणाला म्हणायचं

न्यायालयाच्या नियम 85 मध्ये व्याख्या आहे. न्यायालयाच्या कक्षेतल्या गुन्ह्यामुळे ज्या व्यक्तीला हानी पोहोचली ती पीडित. हानी शारीरिक असेल, मानसिक असेल, घरदार-शेती-गुरांची असेल. शिवाय धर्म, शिक्षण, कला, विज्ञान किंवा धर्मादाय कामाला वाहिलेल्या मालमत्तेचं, ऐतिहासिक वास्तूचं किंवा रुग्णालयाचं थेट नुकसान झालं असेल तर ती संस्थाही पीडित ठरते.

वाचायला सोपं वाटतं. खरी कसोटी कुठे लागते ते काँगोच्या इतुरी प्रांतातल्या दोन खटल्यांकडे पाहून कळतं. एकच भाग, एकच सशस्त्र गट, साधारण एकच काळ.

पहिला खटला थॉमस लुबांगाचा, न्यायालयाचा पहिलावहिला. त्याच्यावर आरोप होता पंधरा वर्षांखालील मुलांना लढाईत भरती करून वापरल्याचा, आणि फक्त तेवढाच. त्यामुळे ती मुलं पीडित ठरली, त्यांचे आईबाप अप्रत्यक्ष पीडित ठरले. मुलाची भरती थांबवायला मध्ये पडून ज्याला इजा झाली, त्यालाही दार उघडं होतं. पण त्याच मुलांनी हातात बंदुका घेऊन ज्यांची गावं जाळली, त्यांना न्यायाधीशांनी 2009 मध्ये स्पष्ट सांगितलं की तुम्ही या खटल्यातले पीडित नाही. तुमचं नुकसान खरं आहे, पण ते ‘भरती’ या गुन्ह्यामुळे झालेलं नाही. तीच गत भरती केलेल्या मुलींवरच्या बलात्कारांची. साक्षीदारांनी न्यायालयात ते सांगितलं, पण आरोपपत्रात ते नव्हतं. पीडितांच्या वकिलांनी आरोपांचं कायदेशीर स्वरूप बदलून लैंगिक गुलामगिरीचा त्यात समावेश करावा असा अर्ज केला, जुलै 2009 मध्ये खटल्याच्या न्यायाधीशांनी बहुमताने तो मार्ग खुला केला आणि डिसेंबरमध्ये अपील खंडपीठाने बंद केला.

दुसरा खटला त्याच गटाच्या बॉस्को न्टागांडाचा. इथे आरोपपत्र मोठं होतं. गावांवरचे हल्ले, खून, बलात्कार, आणि आपल्याच गटातल्या मुलींची लैंगिक गुलामगिरीसुद्धा. 2019 मध्ये तो दोषी ठरला आणि जे गावकरी लुबांगाच्या वेळी बाहेर राहिले होते, त्यांच्यासारख्यांना इथे जागा मिळाली. माणसं तीच, हानी तीच. कुणाचं दुःख मधल्या काळात वाढलं किंवा घटलं नव्हतं, आरोपपत्र बदललं होतं.

ऑंग्वेनच्या खटल्यातही हेच झालं. त्याच्यावर ज्या चार छावण्यांवरच्या हल्ल्यांचे आरोप होते त्या पाजुले, ओडेक, लुकोडी आणि अबोक. 21 फेब्रुवारी 2004 रोजी बार्लोन्यो छावणीत त्याच संघटनेने भीषण कत्तल केली होती, पण ती या यादीत नव्हती. तिथल्या माणसांना, त्यांच्यावरचा दुसरा कुठला गुन्हा आरोपपत्रात बसत नसेल तर, या खटल्यात जागा नव्हती. संघटनेचा प्रमुख जोसेफ कोनी याच्यावरच्या आरोपांत बार्लोन्यो आहे. तो अजून सापडलेला नाही, तरी त्याच्या गैरहजेरीत आरोपनिश्चितीची सुनावणी सप्टेंबर 2025 मध्ये झाली. प्रत्यक्ष खटला मात्र तो हाती लागल्याशिवाय चालणार नाही.

म्हणून फॉर्म हातात घेण्याआधी अटक वॉरंट किंवा आरोपपत्र वाचा. गावांची नावं, तारखा आणि गुन्ह्यांची नावं एका कागदावर उतरवून काढा. समोरच्या माणसाची हकिकत त्यात बसत नसेल तर त्याच वेळी तसं सांगा आणि दुसरा कुठला खटला किंवा मदतीचा कार्यक्रम लागू होतो का ते पाहा.

तिसरी पायरी : फॉर्म

फॉर्म निबंधक कार्यालयाच्या पीडित सहभाग आणि भरपाई विभागाकडे जातो. त्याला फी नाही. कुणी ‘हेगला नाव लावून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर तो फसवतो आहे, हे गावात, छावणीत, मशिदीत, चर्चमध्ये जिथे जमेल तिथे सांगा. सहभाग आणि भरपाई या दोन्हींची मागणी बहुधा एकाच फॉर्मवर करता येते, पण भरपाईचा रकाना विसरून रिकामा राहिलेला नाही ना, ते तपासा.

ओळखीचा पुरावा लागतो. पासपोर्ट किंवा राष्ट्रीय ओळखपत्र नसेल तर अडून बसू नका. लुबांगाच्या खटल्यात न्यायाधीशांनी परिस्थिती ओळखून मतदार कार्ड, विद्यार्थ्याचं ओळखपत्र, छावणीचं नोंदणीपत्र, स्थानिक अधिकाऱ्याचा दाखला असे अनेक कागद चालवून घेतले होते. यांतलं काहीच नसेल तर ओळख पटवणारं, दोन साक्षीदारांच्या सहीचं निवेदनही. मुलाच्या वतीने पालक अर्ज करू शकतो, तेव्हा नात्याचा पुरावाही जोडावा. सज्ञान माणसाच्या वतीने दुसऱ्याने अर्ज करायचा तर त्याची संमती हवी. नवऱ्याने बायकोच्या नावाने परस्पर फॉर्म भरून आणला असेल तर तो बाजूला ठेवा आणि तिच्याशी एकटीशी बोला. लैंगिक अत्याचाराची हकिकत कुटुंबाला माहीतच नसते, असं पुष्कळदा असतं.

आता हकिकतीचा रकाना. सगळ्यांत जास्त अर्ज बिघडतात ते इथे. मदत करणारा माणूस शिकलेला असतो, त्याच्या मनात चीड असते आणि तो स्वतःची भाषा घालतो. समजा, लुकोडीतल्या एका स्त्रीचा फॉर्म असा भरला :

‘बंडखोरांनी आमच्या भागातील निष्पाप नागरिकांवर अनन्वित अत्याचार केले. आमचे सर्वस्व हिरावले गेले. आम्हाला न्याय हवा.’

यातला शब्द न् शब्द खरा आहे आणि अर्जाच्या दृष्टीने त्याचा काही उपयोग नाही. कोण, कुठे, कधी, काय, यांतलं एकही उत्तर यात नाही. तिलाच बोलू दिलं तर ती असं काहीतरी सांगेल :

‘मे महिना होता, 2004 साल. अंधार पडत आला होता. मी चुलीपाशी होते. गोळ्यांचा आवाज आला. माझी झोपडी छावणीच्या कडेला होती. त्यांनी ती पेटवली. धाकट्याला घेऊन मी गवतात लपले. डावा हात भाजला, अजून नीट वळत नाही. थोरला तेरा वर्षांचा होता, त्याच्या डोक्यावर पोतं देऊन नेलं. तो परत आला नाही. धान्य आणि दोन शेळ्या गेल्या.’

(हे उदाहरण समजावण्यासाठी रचलेलं आहे, कुणा एका व्यक्तीचं नाही.) यात जागा आली, काळ आला, भाजलेला हात म्हणजे शारीरिक हानी, मुलगा म्हणजे अपहरण आणि मानसिक हानी, शेळ्या-धान्य म्हणजे मालमत्तेची हानी आली. तारीख आठवत नसेल तर ती तुम्ही शोधून घालू नका. ‘पेरणीनंतर’, ‘शाळेची परीक्षा चालू असताना’, ‘अमक्याच्या लग्नाच्या आठवड्यात’ असं ती म्हणेल तसंच लिहा. जे तिने स्वतः पाहिलं आणि जे दुसऱ्याकडून ऐकलं ते वेगवेगळं नोंदवा. हल्लेखोर कोण होते हे तिला माहीत नसेल तर ‘माहीत नाही, गणवेशात होते’ एवढं पुरे. मान्यतेच्या टप्प्यावर न्यायाधीश सकृद्दर्शनी पुरावा पाहतात, सगळं सिद्ध करायला सांगत नाहीत.

मी यावर इतका वेळ घालवतो आहे त्याला कारण आहे. लुबांगाच्या निकालात न्यायाधीशांनी अभियोग पक्षाच्या काही मध्यस्थांवर कडक ताशेरे ओढले. हे लोक गावोगाव फिरून साक्षीदार शोधून आणत होते, आणि त्यांतल्या काहींनी साक्षीदारांना खोटं सांगायला शिकवल्याची शक्यता न्यायालयाला दिसली. ज्या पीडितांची साक्ष विश्वासार्ह वाटली नाही, त्यांचा सहभागाचा हक्क निकालातच काढून घेण्यात आला. तुम्ही चांगल्या हेतूने घातलेली एक तारीख किंवा एक नाव काही वर्षांनी उलटतपासणीत त्या माणसाच्या गळ्याशी येऊ शकतं. भरून झाल्यावर संपूर्ण फॉर्म त्याच्या भाषेत वाचून दाखवा, दुरुस्त करा, मगच सही किंवा अंगठा घ्या. दुभाष्याचं नावही नोंदवा. आणि एक प्रत त्याच्याकडे ठेवणं सुरक्षित आहे का, ते त्यालाच विचारा. सगळीकडे ते सुरक्षित नसतं.

अलीकडच्या खटल्यांत निबंधक कार्यालय आलेल्या अर्जांचे तीन गट करतं. जे उघडपणे बसतात ते पहिल्या गटात, जे उघडपणे बसत नाहीत ते दुसऱ्यात आणि ज्यांच्याबद्दल शंका आहे ते तिसऱ्यात. साधारणपणे या तिसऱ्या गटातलेच अर्ज, नाव-गाव झाकून, दोन्ही पक्षांकडे मतासाठी जातात. मान्यता मिळाली की अर्जदाराला एक सांकेतिक क्रमांक मिळतो. लुबांगाच्या खटल्यात हे क्रमांक ‘ए’ या अक्षराने सुरू होत आणि शेवटी अर्जाचं वर्ष असे. पुढे न्यायालयाच्या जाहीर कागदांत तो माणूस याच क्रमांकाने ओळखला जातो. तो जपून ठेवायला सांगा.

चौथी पायरी : वकील

पीडित स्वतःचा वकील निवडू शकतो. पण हजारो पीडितांचे शेकडो वकील उभे राहिले तर खटला चालणार कसा? म्हणून न्यायालय गट करून सामाईक वकील नेमतं. ऐपत नसेल तर न्यायालयाकडून कायदेशीर मदत मिळू शकते. न्यायालयातच 2005 पासून पीडितांसाठीचं स्वतंत्र वकील कार्यालयही आहे. ऑंग्वेनच्या खटल्यात पीडितांचे दोन गट होते : एकाचे वकील जोसेफ अकवेन्यू मनोबा आणि फ्रान्सिस्को कॉक्स, दुसऱ्याच्या पाओलिना मासिद्दा, त्या या कार्यालयाच्या प्रमुख.

हितसंबंध एकमेकांना छेदत असतील तर गट वेगळे करावेच लागतात. न्टागांडाच्या खटल्यात माजी बालसैनिकांना एक वकील होता आणि हल्ल्यांतल्या पीडितांना दुसरा. ज्यांच्यावर हल्ला झाला त्यांच्यासमोर, त्या हल्ल्यात कदाचित सामील असलेला मुलगाही पीडित म्हणूनच बसणार होता. दोघांची बाजू एका तोंडाने मांडता आली नसती. असा संघर्ष तुमच्या गटात दिसला तर वकिलाला आणि निबंधक कार्यालयाला लेखी कळवा.

पाचवी पायरी : खटला चालू असताना

पीडितांचे वकील सुरुवातीचं आणि शेवटचं निवेदन करतात, परवानगी घेऊन साक्षीदारांना प्रश्न विचारतात, लेखी म्हणणं देतात आणि न्यायाधीशांनी परवानगी दिली तर पुरावाही सादर करतात. 2008 मध्ये लुबांगाच्याच प्रकरणात अपील खंडपीठाने हे मान्य केलं. सोबत अटही घातली की पीडिताची हानी आरोपपत्रातल्या गुन्ह्याशी जोडलेली हवी. पण पुरावा सिद्ध करण्याची जबाबदारी अभियोक्त्याचीच. पीडितांचे वकील म्हणजे दुसरे अभियोक्ते नव्हेत. आरोपीच्या विरुद्ध एकाच वेळी दोन पक्ष लढू लागले तर खटला न्याय्य राहणार नाही, हा बचाव पक्षाचा आक्षेप मला रास्त वाटतो आणि न्यायाधीश तो गांभीर्याने घेतात.

पीडित स्वतः दोन प्रकारे बोलू शकतो. शपथेवर साक्ष दिली तर तो पुरावा, मग उलटतपासणी आलीच. शपथेविना ‘मतं आणि चिंता’ मांडल्या तर उलटतपासणी नाही, पण ते म्हणणं पुरावा म्हणून धरलं जात नाही. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या गुन्ह्यांबद्दल ज्याँ-पिएर बेंबा याच्यावर चाललेल्या खटल्यात 2012 मध्ये दोन पीडितांनी साक्ष दिली आणि तिघांनी व्हिडिओद्वारे आपलं म्हणणं मांडलं. त्या खटल्यात पाच हजारांवर पीडितांना मान्यता होती. त्यातल्या पाच जणांचाच आवाज प्रत्यक्ष न्यायालयात पोहोचला. सहभाग म्हणजे आपल्याला हेगला बोलावणार, असा समज अगदी सुरुवातीलाच दूर करा.

सुरक्षिततेसाठी टोपणनाव, चेहरा आणि आवाज बदलणं, बंद दाराआड सुनावणी, सोबत मानसोपचारतज्ज्ञ अशी सोय होऊ शकते. लैंगिक गुन्ह्यांत न्यायालयाचे नियम पीडितेच्या बाजूने स्पष्ट आहेत. तिच्या आधीच्या किंवा नंतरच्या लैंगिक वर्तनाचा पुरावा घेतला जात नाही, ती गप्प राहिली किंवा तिने प्रतिकार केला नाही यावरून संमती गृहीत धरता येत नाही आणि तिच्या साक्षीला दुजोरा देणारा दुसरा पुरावा हवाच असा आग्रह धरता येत नाही. धोका आहे असं ज्याला वाटतं त्याने ते अर्जातच लिहावं. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहील याचा भरवसा नाही.

सहावी पायरी : भरपाई

आरोपी दोषी ठरला तरच भरपाई. बेंबाला मार्च 2016 मध्ये दोषी ठरवलं, अठरा वर्षांची शिक्षा झाली आणि 8 जून 2018 रोजी अपिलात तो सुटला. त्या पाच हजारांवर माणसांची भरपाईची वाट तिथेच बंद झाली. अपिलाचा निकाल लागेपर्यंत कुणालाही काहीही आश्वासन देऊ नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन.

इथे पुराव्याची पातळी मान्यतेपेक्षा वरची असते. घटना घडली असण्याचीच शक्यता जास्त, इतपत पटवून द्यावं लागतं. इतुरीतल्याच बोगोरो गावावरच्या 24 फेब्रुवारी 2003 च्या हल्ल्याबद्दल जेर्मां कटांगा दोषी ठरला, तेव्हा न्यायाधीशांनी एकेक अर्ज तपासून 297 जणांना पात्र ठरवलं. प्रत्येकी 250 डॉलर प्रतीकात्मक, आणि घर, उत्पन्न, शिक्षण, मानसिक आधार यांसाठी सामूहिक मदत. कटांगावर जबाबदारी ठेवली 10 लाख डॉलरची. लुबांगावर 1 कोटी डॉलर, न्टागांडावर 2023 मध्ये 3 कोटी 13 लाख डॉलर. ऑंग्वेनच्या आदेशात अंदाजे 49,772 पीडित आणि 5 कोटी 24 लाख 29 हजार युरो. त्यात प्रत्येकी 750 युरो प्रतीकात्मक, बाकी सामूहिक पुनर्वसन आणि स्मारकं, समारंभ यांसारखे उपाय.

या आकड्यांकडे पाहून हुरळून जाऊ नये. हे सगळे दोषी निर्धन ठरले, पैसे द्यायला त्यांच्याकडे काही नाही. मग पीडित निधी मदतीला येतो, आणि तो चालतो मुख्यतः देशांच्या ऐच्छिक देणग्यांवर. म्हणजे आदेश झाल्यावर पुन्हा पैसे गोळा होण्याची वाट पाहणं आलं. कुणी विचारलं की किती मिळतील, तर आदेशातला दरडोई आकडा सांगा आणि तो कधी मिळेल हे निधीवर अवलंबून आहे, हेही त्याच वाक्यात सांगा.

माली देशातल्या टिंबक्टूचं प्रकरण वेगळं आहे. 2012 मध्ये तिथले संतांचे दर्गे पाडल्याबद्दल अहमद अल फकी अल महदी याने गुन्हा कबूल केला आणि 2017 मध्ये 27 लाख युरोंची भरपाई ठरली. ज्यांची रोजीरोटी त्या दर्ग्यांवर होती त्यांना आणि त्या संतांच्या वंशजांना वैयक्तिक भरपाई, टिंबक्टूच्या समाजाला सामूहिक, तर मालीला आणि युनेस्कोमार्फत जागतिक समुदायाला एकेक युरो. पूर्वजांची कबर फोडली गेल्याचं दुःख न्यायालयाने हानी म्हणून मोजलं, हे मला फार मोलाचं वाटतं. अर्जदारांपैकी अनेकांना आपलं नाव आरोपीला कळण्याची भीती होती. नाव उघड करणं बंधनकारक नको, हे त्यांचं म्हणणं 2018 मध्ये अपील खंडपीठाने मान्य केलं.

खटल्यात न बसणाऱ्यांसाठी याच निधीचा दुसरा हात आहे. शिक्षा झालेली नसतानाही तो एखाद्या भागातल्या पीडितांना उपचार, समुपदेशन, उपजीविकेची मदत देऊ शकतो. उत्तर युगांडा आणि काँगोमध्ये हे काम 2008 मध्ये सुरू झालं. बेंबा सुटल्यावर मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या पीडितांसाठीही निधीने हीच वाट धरली. कुणाचा अर्ज फेटाळला गेला किंवा कुणाचं गाव आरोपपत्रात नाही, तर त्याला इथली माहिती द्या.

फाइल बंद करण्याआधी

एवढ्या वर्षांत माणसं छावणी सोडतात, फोन नंबर बदलतात, लग्न होऊन नाव बदलतं. वकिलाला किंवा निबंधक कार्यालयाला दर बदल कळवला नाही तर आदेश निघूनही माणूस सापडत नाही. आणि काही जण त्याआधीच जातात. म्हणून पहिल्या दिवशीच अर्जदाराला विचारा की तुमच्यामागे हे प्रकरण कुणी पुढे न्यावं. त्या व्यक्तीचं नाव, नातं, राहण्याचा पत्ता आणि असेल तो ओळखीचा कागद अर्जासोबत नोंदवून ठेवा, आणि त्या व्यक्तीला, अर्जदाराची हरकत नसेल तर, क्रमांक कळवून ठेवा.